औषधावरून आजाराकडे : एका अनुमानाचा इतिहास



निमंत्रणपत्रिकेत आजचा विषय 'मनाच्या आजारांवरची औषधं मेंदूत काय करतात?' असा छापला आहे, आणि आमच्या नावामागे 'डॉ.' आहे. त्यामुळे कुणी आपली औषधाची चिठ्ठी दाखवायला बरोबर आणली असेल, तर त्यांची आधीच क्षमा मागतो. आम्ही डॉक्टर आहोत ते तत्त्वज्ञानाचे. घरात कुणाला ताप आला तर थर्मामीटरसुद्धा दुसऱ्याच्या हातात देतो. तरीही हा विषय घेतला, त्याला एक कारण घडलं. ते आधी सांगतो.

काही महिन्यांपूर्वी आमचा एक जुना विद्यार्थी घरी आला. आता पन्नाशीला टेकलेला, नोकरी-संसार सगळं व्यवस्थित. बारा वर्षं तो नैराश्यावरची गोळी घेत होता. गोळी सुरू करताना त्याला सांगण्यात आलं होतं, 'मेंदूत सेरोटोनिन नावाचं रसायन कमी पडतंय, गोळीनं ते भरून निघेल. मधुमेहाला इन्सुलिन, तसं हे.' आणि आता मोबाईलवर त्यानं वाचलं की ही सेरोटोनिनची गोष्ट सिद्धच झालेली नाही. चहाचा कप तसाच ठेवून म्हणाला, "सर, मग मी बारा वर्षं काय खाल्लं? उद्यापासून बंद करतो."

आम्ही त्याला एवढंच म्हटलं, "अरे, आधार खोटा म्हणून निष्कर्षही खोटा, हा तर्कदोष आम्ही तुला पहिल्या वर्षाला शिकवला होता. आठ दिवस गोळी चालू ठेव, तुझ्या डॉक्टरांना भेट, आणि मग ये. मग भांडू." तो गेला, पण त्याचा प्रश्न आमच्याकडेच राहिला. आजचं व्याख्यान त्या प्रश्नाचं उत्तर आहे. उत्तर इतिहासातून द्यावं लागतं, कारण हा घोटाळा इतिहासातच झालेला आहे.

त्याआधी एक जुनी गोष्ट आठवू. न्यायदर्शनात अनुमानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यातलं 'शेषवत्' म्हणजे कार्यावरून कारणाकडे जाणं. भाष्यकार वात्स्यायनाचं उदाहरण प्रसिद्ध आहे : नदीला पूर आलेला दिसला, यावरून वर कुठेतरी पाऊस पडून गेला हे कळतं. पुढे दुसऱ्या अध्यायात आक्षेप घेणारा विचारतो, नदी तर खाली कुणी बांध घातला तरी फुगते. मग तुमच्या अनुमानावर भरवसा काय? त्यावर वात्स्यायनाचं उत्तर मोठं मार्मिक आहे. नुसतं पाणी वाढलं एवढ्यावरून आम्ही पाऊस म्हणत नाही. पाण्याला वेग आहे का, फेस आहे का, फळं, पानं, लाकडं वाहून येताहेत का, हे सगळं पाहून मग म्हणतो. एवढं उदाहरण लक्षात ठेवा. मनाच्या औषधांचा गेल्या सत्तर वर्षांचा इतिहास म्हणजे फुगलेली नदी पाहून पावसाचा अंदाज बांधण्याचा इतिहास आहे. काही वेळा लाकडं-पानं पाहिली गेली, काही वेळा नाही.

सुरुवात आपल्या घरापासूनच करू. सर्पगंधा ही वनस्पती आपल्याकडे फार जुन्या काळापासून माहीत आहे. बिहारमध्ये तिच्या मुळीला वेडावरचं औषध असंच लोक म्हणत. 1931 साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी 'इंडियन मेडिकल वर्ल्ड'मध्ये लिहिलं की ही मुळी दोन गोष्टींवर चालते : उन्मादावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर. पण हिंदुस्थानाबाहेर कुणी लक्ष दिलं नाही. मग 1949 साली आपल्या मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांवरचा अनुभव 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध केला, आणि जगाचे डोळे उघडले. 1952 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीच्या लोकांनी मुळीतून मुख्य द्रव्य वेगळं काढलं. त्याचं नाव रेसर्पिन. न्यूयॉर्कजवळच्या रॉकलंड मनोरुग्णालयात नेथन क्लाइन यांनी ते रुग्णांना देऊन पाहिलं आणि 1954 साली निष्कर्ष छापले. आरडाओरडा करणारे रुग्ण शांत होत होते. असं सांगतात की हा फरक तिथल्या खिडक्यांच्या काचा बसवणाऱ्या कामगाराच्याही लक्षात आला, कारण काचा फुटायच्या कमी झाल्या होत्या.

त्याच सुमाराला फ्रान्समध्ये दुसरी गोष्ट घडत होती. अॅलर्जीवरच्या औषधांच्या कुळातलं एक नवं रसायन, क्लोरप्रोमाझिन, 1950 च्या डिसेंबरात पॉल शार्पांतिए यांनी तयार केलं. लष्करातले शल्यविशारद आंरी लाबोरी यांना ते हवं होतं ते शस्त्रक्रियेच्या वेळी, शरीराला बसणारा धक्का कमी करण्यासाठी. त्यांच्या ध्यानात आलं की हे औषध घेतलेला माणूस झोपत नाही, शुद्धीवर असतो, पण आजूबाजूला काय चाललंय याची त्याला फिकीर राहत नाही. 1952 मध्ये पॅरिसच्या सेंट-आन रुग्णालयात जां दले आणि पिएर देनिके यांनी ते मनोरुग्णांना दिलं. ज्यांना भास होत, आवाज ऐकू येत, असे रुग्ण हळूहळू बोलण्यासवरण्याच्या अवस्थेत येऊ लागले. 1957 चा लॅस्कर पुरस्कार वकील, क्लाइन, लाबोरी, देनिके यांच्यासह सहा जणांत विभागून दिला गेला. अमेरिकेतल्या या मोठ्या मानाच्या पुरस्काराच्या यादीत मुंबईचं नाव आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असतं.

आता तिसरी नि चौथी गोष्ट थोडक्यात. 1952 मध्ये न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयाच्या रुग्णांना इप्रोनियाझिड नावाचं औषध दिलं जात होतं. मरणाच्या दारातले रुग्ण उत्साहात हसू-नाचू लागले. पुढे 1957 मध्ये क्लाइन आणि सहकाऱ्यांनी तेच औषध खिन्न रुग्णांना देऊन पाहिलं. आणि स्वित्झर्लंडमध्ये म्युन्स्टरलिंगनच्या रुग्णालयात रोलांड कून यांच्याकडे गायगी कंपनीचं एक रसायन होतं. स्किझोफ्रेनियावर ते विशेष चाललं नव्हतं. 1956 मध्ये कून यांनी ते नैराश्याच्या रुग्णांना दिलं, आणि चाललं! 1957 च्या सप्टेंबरात झुरिकच्या परिषदेत त्यांनी हे सांगितलं तेव्हा समोर जेमतेम डझनभर श्रोते होते. (आपण आज त्याहून बरेच जास्त आहात, म्हणून आम्ही कून यांच्यापेक्षा नशीबवान.) त्या औषधाचं नाव इमिप्रमिन.

इथे क्षणभर थांबू. रक्तदाब, शस्त्रक्रिया, क्षय, आणि फसलेला स्किझोफ्रेनियाचा प्रयोग. चारही औषधं दुसऱ्याच वाटेनं आली. मेंदूत अमुक बिघाड आहे, तो दुरुस्त करायला अमुक औषध, असा क्रम एकदाही नव्हता. आधी औषध लागू पडलं. मग ते मेंदूत काय करतं याचा शोध सुरू झाला. आणि त्यानंतर लोक म्हणू लागले, औषध जे करतं त्याच्या उलट काहीतरी आजारात झालं असणार. फुगलेल्या नदीवरून पावसाकडे जाणं ते हेच.

पण औषध मेंदूत करतं तरी काय? आम्हाला समजलं तसं सांगतो. मेंदूतल्या दोन चेतापेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. मध्ये फार बारीक फट असते. एका पेशीचा निरोप दुसरीला पोचवायला पहिली पेशी त्या फटीत एक रसायन सोडते. पलीकडच्या काठावर ते रसायन ओळखून धरणाऱ्या जागा असतात, त्यांना ग्राहक म्हणतात. निरोप पोचला की उरलेलं रसायन पहिली पेशी परत आत ओढून घेते. आत ते साठवायला बारीक पिशव्या असतात. आपण त्यांना कणग्या म्हणू. कणगीबाहेर उघड्यावर पडलेलं धान्य उंदीर खातात, तसं साठवणीबाहेरचं रसायन एक विकर फस्त करतं.

आता आपली चार औषधं घ्या. रेसर्पिन कणगीत धान्य भरूच देत नाही, त्यामुळे ते उघड्यावर पडून नष्ट होतं. 1955 मध्ये अमेरिकेत बर्नार्ड ब्रॉडी यांच्या प्रयोगशाळेत सेरोटोनिनच्या बाबतीत हे प्रथम दिसलं. इप्रोनियाझिड उंदरांचाच बंदोबस्त करतं, म्हणजे ते विकर थांबवतं, आणि साठा वाढतो. इमिप्रमिन उरलेलं रसायन परत आत ओढू देत नाही, त्यामुळे ते फटीत जास्त वेळ राहतं. आज ज्या गोळ्या सर्रास दिल्या जातात, त्यातली फ्लुओक्सेटिन 1987 मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. ती हेच काम करते, पण मुख्यतः सेरोटोनिनपुरतं. क्लोरप्रोमाझिनचं निराळं : ते पलीकडच्या काठावर डोपामिनच्या ग्राहकांत जाऊन बसतं, त्यामुळे डोपामिन आलं तरी त्याला जागा मिळत नाही.

हे सगळं खरं आहे, प्रयोगानं पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. वाद याच्या पुढच्या पायरीवर आहे.

ही पुढची पायरी सगळ्यात सुंदर रीतीनं चढला तो स्वीडनचा आर्विद कार्लसन. 1957 मध्ये त्यानं सशांना रेसर्पिन दिलं. ससे कान पाडून निश्चल बसले. मग त्यांना एल-डोपा टोचलं, म्हणजे ज्यापासून शरीर डोपामिन बनवतं ते द्रव्य. थोड्याच वेळात ससे उठून हिंडू लागले. म्हणजे हालचालीसाठी डोपामिन लागतं. मग माणसाच्या कंपवातात, पार्किन्सनमध्ये, डोपामिनच कमी पडत असेल का? हा झाला नदीवरून केलेला अंदाज. पण इथे लाकडं-पानंही पाहिली गेली. 1960 मध्ये व्हिएन्नात एरिंगर आणि होर्निकिविच यांनी कंपवातानं मृत्यू पावलेल्या माणसांचे मेंदू तपासले. हालचालीचं नियमन करणाऱ्या भागात डोपामिन खरोखरच फार कमी झालेलं होतं. वर पाऊस पडला होता, याचा स्वतंत्र पुरावा मिळाला. कार्लसनला 2000 साली नोबेल मिळालं.

आता स्किझोफ्रेनियाकडे या. 1963 मध्ये कार्लसननंच सुचवलं की क्लोरप्रोमाझिनसारखी औषधं ग्राहक अडवतात. सत्तरच्या दशकात दिसलं की ही औषधं डोपामिनचा एक विशिष्ट ग्राहक जितक्या ताकदीनं धरतात, तितका रुग्णाला लागणारा डोस कमी असतो. जोडीला आणखी पुरावे होते. मेंदूत डोपामिन उसळवणारं अॅम्फेटामिन फार घेतलं तर धडधाकट माणसालाही भास आणि संशय सुरू होतात. पुढे मेंदूची चित्रं घेण्याची तंत्रं आली, तेव्हा अनेक रुग्णांत डोपामिनचं उत्पादन वाढलेलं आढळलं. म्हणजे इथे काही लाकडं-पानं वाहून आली आहेत. पण सगळी नाहीत. क्लोझापिन हे औषध तो ग्राहक तुलनेनं सैल धरतं, तरी इतर औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांना उपयोगी पडतं. आणि 2024 च्या सप्टेंबरात अमेरिकेत स्किझोफ्रेनियावर जे नवं औषध मंजूर झालं, ते डोपामिनचा ग्राहक अडवतच नाही. वेगळ्याच ठिकाणी काम करतं. म्हणून इथे म्हणायचं ते एवढंच : वर पाऊस पडला असावा, पण नदी फुगण्याची इतरही कारणं आहेत.

राहिलं नैराश्य, आमच्या विद्यार्थ्याचा आजार. इथे काय झालं पाहा. रेसर्पिन रसायनं कमी करतं, आणि ते घेणारे रक्तदाबाचे काही रुग्ण खिन्न होतात असं आढळलं. इप्रोनियाझिड आणि इमिप्रमिन रसायनं वाढवतात, आणि खिन्न माणसं सुधारतात. किती छान जुळतं! 1965 मध्ये जोसेफ शिल्डक्राउट यांनी यावरून मांडणी केली ती नॉरअॅड्रेनलिनची. पुढे दोन वर्षांनी अॅलेक कॉपन यांनी सेरोटोनिनकडे बोट दाखवलं. शिल्डक्राउट यांनी त्याला गृहीतकच म्हटलं होतं, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. पण गृहीतक प्रयोगशाळेतून दवाखान्यात आणि दवाखान्यातून जाहिरातीत उतरता उतरता 'असावं'चं 'आहे' झालं. 'रासायनिक असंतुलन' हा शब्दप्रयोग घरोघर गेला.

आणि लाकडं-पानं? पहिली अडचण वेळेची. फटीतलं सेरोटोनिन वाढतं गोळी घेतल्यावर काही तासांत. मन उभारी धरतं दोन-चार आठवड्यांनी. कमतरता हेच कारण असतं, तर एवढी वाट कशासाठी? दुसरी अडचण रेसर्पिनचीच. 1955 मध्ये लंडनच्या डेव्हिस आणि शेपर्ड यांनी चिंताग्रस्त आणि खिन्न रुग्णांवर त्याची रीतसर चाचणी घेतली, तर त्यांना त्याचा फायदा झालेला दिसला! हा पुरावा गृहीतकाच्या दहा वर्षं आधीचा. तो बाजूला पडून राहिला. तिसरी : आहारात युक्तीनं बदल करून सेरोटोनिन काही तास कमी करता येतं; असं केल्यावर निरोगी माणसं सहसा खिन्न होत नाहीत. चौथी : केटामिन हे भुलीचं औषध काही रुग्णांचं नैराश्य तासाभरात-दिवसाभरात उतरवतं, आणि त्याचं काम प्रामुख्यानं ग्लुटामेट या वेगळ्याच रसायनाच्या वाटेवर आहे. 2022 मध्ये जोआना मॉन्क्रीफ आणि सहकाऱ्यांनी आजवरचे पुरावे एकत्र तपासून सांगितलं की नैराश्यात सेरोटोनिन कमी असतं याला सातत्यपूर्ण आधार नाही. आमच्या विद्यार्थ्यानं वाचलं ते हेच.

क्रोसिन घेतल्यानं डोकेदुखी थांबते. म्हणून काही डोकं क्रोसिनच्या कमतरतेनं दुखत नसतं. पण ही गोष्ट इथेच सोडली तर ती अर्धी राहते, आणि अर्धी गोष्ट पुऱ्या खोट्यापेक्षा घातक. क्रोसिनची कमतरता नव्हती, हे कळल्यावर डोकेदुखी थांबलीच नव्हती असं होतं का? 2018 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये अँड्रिया सिप्रियानी आणि सहकाऱ्यांनी नैराश्यावरच्या 21 औषधांच्या 522 चाचण्या एकत्र पाहिल्या. मोठ्या माणसांच्या तीव्र नैराश्यात ती सगळी औषधं बिनऔषधाच्या गोळीपेक्षा सरस ठरली. फरक सरासरीनं माफक आहे. कुणाला खूप गुण येतो, कुणाला काहीच नाही. पण फरक आहे.

कारण चुकीचं आणि औषध बरोबर, याचं सगळ्यात मोठं उदाहरण लिथियमचं. मेलबर्नजवळच्या बंडुरा इथले जॉन केड यांना वाटत होतं की उन्माद शरीरातल्या कुठल्यातरी विषामुळे होतो आणि ते लघवीत उतरत असावं. त्या शोधात त्यांनी गिनी पिगांना युरिक आम्लाचा लिथियम क्षार टोचला, कारण तो पाण्यात सहज विरघळतो. प्राणी सुस्त झाले. ही सुस्ती बहुधा लिथियमच्या विषबाधेचीच होती, असं आज मानतात. म्हणजे सिद्धांत चुकीचा, प्रयोगाचा अर्थही चुकीचा. पण 1949 मध्ये केड यांनी उन्मादाच्या दहा रुग्णांचा अनुभव छापला, आणि ते औषध पाऊणशे वर्षं झाली तरी द्विध्रुवी आजारात आधाराला उभं आहे. ते नेमकं कसं चालतं, याबद्दल शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही. केड यांचा पहिला रुग्ण अनेक वर्षं रुग्णालयात होता. लिथियमनं तो इतका सुधारला की घरी गेला, कामाला लागला. मग त्यानं औषध सोडलं, आणि परत दाखल झाला. औषध पुन्हा सुरू झालं, आणि पुढे लिथियमच्याच विषबाधेनं तो गेला. रक्तातलं लिथियम मोजत राहण्याची पद्धत तेव्हा नव्हती. आज ती आहे. आमच्या विषयाची सगळी गुंतागुंत त्या एका माणसाच्या आयुष्यात आली आहे : औषध खरं, सोडणं धोक्याचं, आणि डोळे मिटून घेणंही धोक्याचं.

आठ दिवसांनी विद्यार्थी आला. डॉक्टरांना भेटून आला होता. त्या बाईंनी त्याला सरळ सांगितलं होतं की बारा वर्षांपूर्वी दिलेलं स्पष्टीकरण सोपं करून सांगितलेलं होतं, इतकं सोपं करायला नको होतं. आणि गोळी बंद करायचीच असेल तर बोलून, महिनोन्‌महिने डोस उतरवत करू. एका रात्रीत नाही, कारण तसं केलं तर चक्कर, झोपमोड, बेचैनी होऊ शकते आणि मूळ आजारही उलटू शकतो. आम्हाला त्या बाईंबद्दल आदर वाटला.

मग आम्ही त्याच्यापुढे तीन प्रश्न ठेवले. औषधानं गुण येतो का? औषध शरीरात काय करतं? आणि आजार मुळात का झाला? पहिल्याचं उत्तर चाचण्यांतून आणि तुझ्या स्वतःच्या अनुभवातून मिळतं. दुसऱ्याचं बरंचसं मिळालेलं आहे. तिसऱ्याचं नैराश्याच्या बाबतीत अजून मिळालेलं नाही. त्यात रक्तातलं काही असेल, बालपणातलं काही असेल, नोकरीतलं, एकटेपणातलंही असेल. सत्तर वर्षांत गफलत झाली ती दुसऱ्याचं उत्तर तिसऱ्याच्या जागी लिहिल्यानं. आणि आता तू तिसऱ्याचं कोरं पान पाहून पहिल्याचं उत्तर खोडायला निघाला आहेस.

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सर, मला राग गोळीचा नाही आला. बारा वर्षं मी घरच्यांना सांगत होतो की हे मधुमेहासारखं आहे, माझा दोष नाही. आता काय सांगू?"

मित्रहो, खरा प्रश्न हा होता, आणि तो आम्हाला आठ दिवसांत दिसला नव्हता. त्या चुकीच्या सिद्धांतानं असंख्य घरांतलं एक ओझं कमी केलं होतं. 'मनानं घे, सोडून दे' म्हणणाऱ्यांची तोंडं त्यानं बंद केली होती. आम्ही त्याला म्हटलं, "दोष नसायला कमतरता सिद्ध व्हावी लागत नाही. डोकं का दुखतं हे न कळताही डोकेदुखी खरी असते, आणि ती कुणी मुद्दाम आणलेली नसते. घरी हेच सांग. आणि कुणी ऐकलं नाही, तर त्यांना इकडे पाठव."

त्याच्या पत्नी गेल्या महिन्यात येऊन गेल्या. गोळी चालू आहे. कमी करायची की नाही, याचं डॉक्टरांशी बोलणं सुरू आहे.  प्रश्न असतील तर अवश्य विचारा. फक्त डोस विचारू नका.